बांधावरची विहीर आणि संगणकातलं सासर

संगणकावर मी काही लिहिलं की आमच्या घरची मंडळी गालातल्या गालात हसतात. भाची तर स्पष्टच विचारते, "मावशी, तू मराठीची बीए. हे तुला कुठून सुचतं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या बाईला लिनक्सची भीती वाटायचं काही कारण नाही. दोन्हीकडे आधी नियम, मग अपवाद, आणि अपवाद पाठच करावे लागतात. :-)

आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे. एका कोंडलेल्या मुळाच्या आत उपकरणांची फाइलव्यवस्था जोडायची, म्हणजे काय करायचं आणि ते करताना काय सांभाळायचं, हे सांगायचंय. नुसतं ऐकायला कोरडं वाटेल. पण याच भानगडीत एकदा वेल्ह्याच्या कितीतरी बायांचे आवाज कायमचे जायची वेळ आली होती. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

तर मुळापासून सुरुवात करू.

युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सुरू झाली. आपलं लिनक्स त्याच घराण्याच्या चालीरीती पाळतं. या घराण्यात सगळ्या फायली एकाच झाडावर असतात, आणि ते झाड उलटं असतं. मूळ वर, फांद्या खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ ज्यांना आठवतो त्यांना हे चटकन पटेल. या मुळाला 'रूट' म्हणतात आणि ते नुसत्या एका तिरप्या रेघेने लिहितात. कोणत्याही फाइलीचा पूर्ण पत्ता या रेघेपासूनच सुरू होतो.

आता गंमत अशी, की हे मूळ एखाद्या प्रोग्रामपुरतं बदलता येतं. त्या आज्ञेचं नाव चेंज-रूट, घाईत म्हणायचं तर सीएच-रूट. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ती आली. झाडाची एखादी फांदी दाखवून प्रोग्रामला सांगायचं, "बाबा, आजपासून हेच तुझं मूळ." त्यानंतर तो रेघेपासून पत्ता शोधायला लागला की या फांदीपासूनच शोधतो. तिच्या वरचं झाड त्याला दिसतच नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळ्यांसमोर सासरी गेलेली मुलगी आली. कालपर्यंत 'घरी जाते' म्हटलं की एक घर. आज तेच दोन शब्द, पण घर दुसरं. शब्द बदलत नाही, तो जिथे पोचतो ते ठिकाण बदलतं. तिथलं पाणी कुठे, सरपण कुठे, मिठाची बरणी कोणत्या फळीवर, सगळं नव्याने शिकायचं. सासरच्या माणसांनी विहीर दाखवलीच नाही तर? बिचारी घागर घेऊन दारात उभी राहील. कामाला ती कमी नाही, पण पाणी आणायचं कुठून?

कोंडलेल्या मुळाच्या आत नेमकं हेच होतं. या युनिक्स घराण्यात यंत्राचे सगळे अवयव फायलींसारखे वागवतात. हार्ड डिस्क, टर्मिनल, ध्वनी, माउस, सगळ्यांच्या नावाची एकेक फाइल, आणि त्या सगळ्या राहतात /डेव्ह नावाच्या डिरेक्टरीत. 'डिव्हाइस'चं ते लघुरूप. पण या फायलींच्या पोटात मजकूर नसतो. असतात फक्त दोन आकडे. तालुक्याच्या कचेरीत आपल्याला सांगतात ना, अमुक खात्यात जा आणि तिथल्या तिसऱ्या टेबलाला भेटा, तसं. पहिला आकडा खातं सांगतो, दुसरा टेबल. लिनक्समध्ये /डेव्ह/नलचे आकडे १ आणि ३, /डेव्ह/झीरोचे १ आणि ५. पहिल्या सलग डिस्कला ८ आणि ०, तिच्या पहिल्या भागाला ८ आणि १. फाइल उघडली की कर्नल हे आकडे वाचतो आणि त्या त्या अवयवाशी गाठ घालून देतो.

सीएच-रूट करून नवं मूळ दिलं, पण त्यात /डेव्ह रिकामी ठेवली, तर आतल्या प्रोग्रामला ना डिस्क दिसते ना आवाज काढता येतो. बूट होण्याची सोय दुरुस्त करणारा ग्रब आत चालवून पाहा. मुळाची डिस्क सापडत नाही म्हणून तो रुसून बसतो, आणि जुन्या आवृत्त्यांत तर उलट आपल्यालाच विचारतो, "/डेव्ह माउंट केलंय का?" यंत्राने इतका सरळ प्रश्न विचारण्याचे प्रसंग फार थोडे. :-)

त्याहून मजेशीर हाल होतात /डेव्ह/नलचे. ही फाइल म्हणजे डोह. नको असलेला मजकूर तिच्यात टाकायचा, तो गडप होतो. हजारो लहान-मोठ्या स्क्रिप्टा आपली कटकट तिच्यात फेकतात. पण कोंडलेल्या मुळात /डेव्ह नावाची नुसती रिकामी डिरेक्टरी असली, आणि प्रशासकाच्या अधिकाराने चाललेल्या एखाद्या स्क्रिप्टने /डेव्ह/नलमध्ये काही फेकलं, तर त्या नावाची साधी फाइल तयार होते. मग डोहाच्या जागी उकिरडा. फेकलेलं सगळं साठत राहतं आणि जागा का भरली ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मग यावर उपाय काय? जुन्या काळी लोक 'एमकेनॉड' ही आज्ञा वापरून एकेक फाइल हाताने घडवत. खातं आणि टेबल दोन्ही आकडे स्वतः लिहायचे. हे अजूनही चालतं, चार-पाच फायलींपुरतं पुरतंही. पण हल्लीची यंत्रं दिवसभर बदलत असतात. पेनड्राइव्ह लावला, काढला, हेडफोन जोडला. ही यादी हाताने कोण लिहीत बसणार? २००९ पासून लिनक्सचा कर्नल ही यादी स्वतःच सांभाळतो. म्हणून खरा मार्ग असा, की बाहेरची जी जिवंत /डेव्ह आहे तीच आत दाखवायची. यालाच बाइंड माउंट म्हणतात. २००१ च्या २.४ कर्नलपासून ही सोय लिनक्समध्ये आहे.

बाइंड माउंट म्हणजे काय, हे मी आमच्याकडच्या पोरांना बांधावरच्या विहिरीवरून समजावते. दोन भावांच्या वाटण्या झाल्या, मधे बांध पडला, आणि विहीर आली नेमकी बांधावर. थोरला आपल्या शेतातून उतरतो, धाकटा आपल्या. थोरला म्हणतो माझी विहीर, धाकटाही म्हणतो माझी विहीर, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. पण विहिरी दोन नाहीत. पाणी एकच. थोरल्याने उपसलं तर धाकट्याचंही खाली जातं. धाकट्याच्या बाजूने गाळ काढला तर थोरल्यालाही स्वच्छ पाणी. बाइंड माउंट ही प्रत नव्हे, हे पक्कं लक्षात ठेवायचं. ती दुसऱ्या बाजूने केलेली पायवाट आहे.

हे वाक्य मी दोनदा का सांगते, ते आता सांगते.

माझी बरीचशी नोकरी वेल्हे तालुक्यात झाली. या तालुक्याचं नाव राजगड करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, पण माझ्या तोंडी वेल्हेच बसलंय. तोरण्याच्या पायथ्याची गावं, भातखाचरं, आणि चार महिने असा पाऊस की वह्यांची पानं एकमेकांना चिकटायची. तिथल्या बाया पहाटे जात्यावर दळताना ओव्या म्हणत. एका गावात विजेची गिरणी आली आणि वर्षभरात जाती भिंतीला टेकली. त्यासोबत ओव्याही थांबल्या. हे डोळ्यांसमोर होताना पाहून १९८८ च्या सुमारास मी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि रविवारी, सुटीच्या दिवशी बायांकडे जाऊन बसू लागले. कॅसेटी जमल्या बेचाळीस. ह्यांना वाटायचं, बाईला वेड लागलंय. खरं तर याच कामाचा फार मोठा डोंगर त्याच काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ हे दोघं पुण्याहून उचलत होते. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यापुढे माझ्या बेचाळीस कॅसेटी म्हणजे ओंजळभर पाणी. पण त्या ओंजळीत मला ओळखणाऱ्या बाया होत्या. कुणाची लेक माझ्या वर्गात होती, कुणी मला ताकाचा तांब्या भरून दिलेला होता.

वेल्ह्याच्या दमटपणाने कॅसेटींना बुरशी धरली. ते होण्याआधी त्यातला आवाज संगणकावर उतरवून घेतला होता, सीडीही केल्या होत्या. काही वर्षांनी सीडी वाचता येईनाशा झाल्या. राहिली ती शाळेच्या सर्व्हरवरची प्रत.

हा सर्व्हर म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हे. कुणीतरी देणगी दिलेले दहा जुने संगणक, आणि त्यातल्या त्यात बरा असलेला अकरावा. तो अकरावा बाकी दहांना चालवायचा. लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट म्हणून एक मुक्त प्रकल्प आहे, १९९९ मध्ये सुरू झालेला. त्यात जुन्या संगणकांना स्वतःची डिस्क लागत नाही, ते जाळ्यावरून सुरू होतात. आणि बघा, त्या वेळच्या रचनेत या संगणकांसाठी सर्व्हरवर एक वेगळं मूळ ठेवलेलं असे, म्हणजे सीएच-रूटच. त्यामुळे 'घरातलं घर' ही कल्पना मला निवृत्तीच्या आधीच तोंडओळखीची झाली होती.

मी २००८ मध्ये निवृत्त झाले आणि भोरला स्थायिक झाले. पण आठवड्यातून एकदा एसटीने नसरापूरमार्गे वेल्ह्याला जायचा परिपाठ ठेवला. २०१२ मध्ये त्या सर्व्हरवर डेबियनची नवी आवृत्ती घातली आणि एक अडचण उभी राहिली. ओव्यांचा आवाज साफ करायला आम्ही जो जुना प्रोग्राम वापरत होतो तो नव्या आवृत्तीत चालेना. माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, "बाई, काळजी करू नका. नव्या घरात जुनं घर मांडू." त्याने सर्व्हरवर एका डिरेक्टरीत २००७ सालची डेबियन, 'एच' नावाची, पूर्ण मांडली. (डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या खेळण्यांची नावं असतात. मला हे फार आवडतं.) सीएच-रूट करून आत गेला. प्रोग्राम सुरू झाला, पडद्यावर लाटा दिसू लागल्या, आणि आवाज मात्र शून्य.

आम्ही तारा तपासल्या, स्पीकर तपासला. मग त्याच्या लक्षात आलं. आतल्या घरात ध्वनीची फाइलच नव्हती. त्याने बाहेरची /डेव्ह आतल्या /डेव्हवर बाइंड केली. ओव्या ज्या /होममध्ये होत्या तीही आत बाइंड केली, म्हणजे प्रत करायला नको. सर्व्हर बंद-चालू झाला तरी जोडण्या राहाव्यात म्हणून दोन्ही ओळी एफएस-टॅब या फाइलीत लिहून ठेवल्या. आणि पुन्हा बटण दाबलं. जात्याची घरघर आली आणि तिच्यावर एका म्हातारीचा आवाज. ती तोवर वारली होती. दोघंही काही बोललो नाही.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे.

दोन वर्षं गेली. हा मुलगा नोकरीला लागून दूर गेला. २०१४ च्या उन्हाळ्यात सर्व्हरची डिस्क भरली. दुसरा एक तरुण मदतीला आला, हुशार, हात भरभर चालणारा. त्याने बघितलं, एका डिरेक्टरीत जुनीपुराणी अख्खी डेबियन पडलीय. म्हणाला, "बाई, हे कुणी वापरत नाही. उडवून टाकतो, भरपूर जागा होईल." आणि त्याने आज्ञा टाइप केली. तीच प्रसिद्ध आज्ञा, जी आतल्या सगळ्या डिरेक्टऱ्यांसकट न विचारता पुसते. एंटर दाबायचं बाकी होतं.

मी म्हटलं, "थांब. आधी सातबारा बघ."

तो माझ्याकडे बघतच राहिला. जमीन घ्यायची-द्यायची असली की आपण नुसतं शेत पाहत नाही. सातबारा काढतो, आणि त्यातला 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचतो. विहिरीत कुणाचा हिस्सा, बोजा कुणाचा, सगळं तिथे असतं. संगणकाचा 'इतर हक्क' रकाना म्हणजे माउंटची यादी. 'माउंट' ही आज्ञा पुढे काही न लिहिता नुसती दिली की तो उतारा पडद्यावर येतो. त्याने तो काढला. त्यात जुन्या घराच्या आत /डेव्ह जोडलेली होती आणि /होमही.

म्हणजे झालं असतं काय, ते बघा. पुसणारी आज्ञा जुन्या घरात शिरली असती. तिला /होम ही नेहमीसारखीच डिरेक्टरी दिसली असती. ती आत उतरून एकेक फाइल पुसत गेली असती, आणि विहीर एकच असल्यामुळे बाहेरचीही /होम रिकामी झाली असती. जोडणीच्या जागेशी येऊन ती तक्रार करतेच, की ही डिरेक्टरी वापरात आहे, काढता येत नाही. पण ती तक्रार आतलं सगळं पुसून झाल्यावर. विहीर उपसून झाल्यावर काठाला हात लावू नका म्हणण्यासारखं. /डेव्हच्या फायलीही गेल्या असत्या, पण त्या यंत्र पुन्हा चालू केल्यावर परत येतात. ओव्या परत आल्या नसत्या.

तो म्हणाला, पुसताना एकाच फाइलव्यवस्थेत राहा असं सांगणारा पर्याय असतो, तो लावला असता तर वाचलं असतं. मी त्याला यादीतली दुसरी ओळ दाखवली. आमच्या त्या सर्व्हरवर /होम आणि जुनं घर दोन्ही डिस्कच्या एकाच भागावर होते. तो पर्याय फक्त फाइलव्यवस्था बदलली का एवढंच बघतो. एकाच भागावरून बाइंड केलेलं असेल तर त्याला काही बदललेलं दिसत नाही. बांध ओलांडला तरी जमिनीचा रंग तोच असतो ना, तसं. /डेव्ह वाचली असती, कारण ती वेगळी फाइलव्यवस्था आहे. /होम वाचली नसती.

त्या मुलाच्या कपाळावर घाम आला. त्याला मी बोल लावला नाही आणि आजही लावत नाही. समोर दिसत होती ती एक जुनी, धूळ खात पडलेली डिरेक्टरी. तिच्यात बाहेरचं जिवंत पाणी आणून सोडलंय, हे डोळ्यांना दिसत नव्हतं. ते फक्त उताऱ्यात होतं.

मग आम्ही ते नीट केलं. ज्यांना कधी हे करायची वेळ येईल त्यांच्यासाठी क्रम देऊन ठेवते. आमच्याकडे आता याचा उपयोग जास्त होतो तो न सुरू होणाऱ्या संगणकासाठी. ऐन अद्ययावत करताना वीज गेली आणि संगणक उठेनासा झाला, हे पावसाळ्यात आम्हाला नवं नाही. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने यंत्र चालू करायचं. पहिलं काम, आपल्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर. औषधोपचार त्यानंतर. मग आजारी डिस्कचा मूळ भाग एखाद्या डिरेक्टरीवर माउंट करायचा. त्याच्या आत /डेव्ह बाइंड करायची, /प्रॉक आणि /सिस जोडायच्या, आणि मग सीएच-रूट करून आत जायचं. आता तुम्ही बाहेरच्या कर्नलवर उभं राहून आतल्या घराची दुरुस्ती करताय. अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करा, ग्रब पुन्हा बसवा. बाहेर येताना ज्या क्रमाने जोडलं त्याच्या उलट क्रमाने सोडवायचं. सोडवायच्या आज्ञेचं नाव 'यूमाउंट', मधला 'न' त्यात नाही. मी पहिल्या वेळी अर्धा तास शुद्धलेखनाच्या नजरेने त्याच्याकडे बघत होते.

एक बारीक गोष्ट. /डेव्हच्या पोटात आणखी लहान फाइलव्यवस्था जोडलेल्या असतात. /डेव्ह/पीटीएस ही त्यातली एक, टर्मिनलच्या खिडक्या तिच्यावर चालतात. साध्या बाइंडने त्या आत येत नाहीत. 'आर-बाइंड' केलं तर येतात. पण हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये जोडण्या सामाईक ठेवलेल्या असतात, त्यामुळे आतून एखादी सोडवली तर बाहेरचीही सुटू शकते. म्हणून आर-बाइंड केल्यावर लगेच 'मेक-आर-स्लेव्ह' सांगायचं. मग बाहेरचा बदल आत पोचतो, आतला बाहेर जात नाही. आणि एफएस-टॅबमध्ये ओळी लिहिल्या असतील तर काम संपल्यावर त्या आधी खोडायच्या. नाहीतर यंत्र पुन्हा सुरू झालं की पायवाट पुन्हा उगवते.

आता एक प्रश्न उरतो. आतल्याला बाहेरचं किती दाखवावं?

सीएच-रूट म्हणजे तुरुंग, असा पुष्कळांचा समज असतो. तो तसा नाही. आत प्रशासकाचे अधिकार असलेला माणूस बाहेर पडायची वाट शोधू शकतो. राजगडाला गुंजवण्याच्या बाजूने चोरदरवाजा आहे, तो माहीत असलेल्याला तटाची मातब्बरी काय? आणि पूर्ण /डेव्ह आत दिली असेल तर वाट शोधायचीही गरज नाही. डिस्कची फाइलच त्याच्या हातात असते, ती थेट वाचता-लिहिता येते. म्हणून आपल्याच यंत्राची दुरुस्ती आपणच करत असलो तर सगळी /डेव्ह द्यावी. परक्याला आत राहायला देत असलो तर मोजकीच. फ्रीबीएसडीवाल्यांनी २००० मध्ये 'जेल' नावाची अधिक पक्की सोय आणली. तिथे प्रत्येक जेलला वेगळी /डेव्ह जोडतात आणि कोणती उपकरणं दिसावीत याची नियमावली तिला लावतात. हल्ली जिकडे तिकडे डॉकरचा बोलबाला आहे, २०१३ पासूनचा. त्यातही आतल्याला नल, झीरो, रँडम, टर्मिनल अशी मोजकीच उपकरणं आपोआप मिळतात. डिस्क मिळत नाही. पाहिजे असेल तर मालकाने स्वतः द्यावी लागते.

हे वाचताना मला आमचं भोर संस्थान आठवतं. पंत सचिवांचं राज्य, स्वतःचा राजवाडा, स्वतःचा कारभार. आतल्या माणसाला वाटावं, हेच मूळ. पण बाहेरच्या जगाशी बोलायचं तर इंग्रज सरकार मधे. काय आत येऊ द्यायचं आणि काय नाही, याची नियमावली वरून ठरलेली. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि भोरकरांचं मूळ बदललं. माझे वडील सांगायचे, पत्ता तोच राहिला, पण तो जिथून सुरू व्हायचा ती जागा बदलली.

आणि त्या बाया? त्यांचीही मुळं बारा-चौदाव्या वर्षी कुणीतरी बदलली होती. नव्या घरात त्यांना काय दाखवायचं, काय नाही, हेही दुसऱ्यांनीच ठरवलं. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, जात्यापाशी त्या माहेराकडची आपली पायवाट उघडत. आई, भाऊ, तिथली नदी, सगळं त्या ओव्यांत असे. ऐकायला दगडाशिवाय कुणी नसे. त्या आवाजांना कुलूप लागू नये एवढंच माझं काम होतं.

आता माझ्या बेचाळीस कॅसेटींतला आवाज तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहे. एक भोरला, एक पुण्याला भाचीकडे, एक त्या पहिल्या मुलाकडे. तिन्ही खऱ्या प्रती, बाइंड केलेल्या नव्हेत. राईरकर आणि पॉइटवाँ यांनी जमवलेल्या ओव्या २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, त्या जरूर ऐका. आणि तुमच्याकडे कुणाच्या आजीचा आवाज एखाद्या जुन्या डिस्कवर पडलेला असेल, तर या रविवारी तो बाहेर काढून त्याची एक खरी प्रत करा. ती दुसऱ्या घरी ठेवा. मगच जुनी डिरेक्टरी पुसायला घ्या, आणि त्याआधी उतारा वाचा.